दोन ठोक्यांमधला फोटो

आमचे घरमालक माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत.

शेलूबाजारला मी खोली शोधत त्यांच्या दारात गेले, तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कानाखाली, जबड्याला लागून जी जागा असते तिथे नजर रोखून उभे राहिले. मी साताऱ्याकडची, सव्वीस वर्षांची, एकटी, आणि हा पांढऱ्या मिशांचा, बंडी घातलेला म्हातारा माझ्या गळ्याकडे टक लावून बघतोय! मी ओढणी वर ओढली. परत फिरणार तेवढ्यात ते म्हणाले, "जिना चढून आली, म्हून अठ्ठ्यान्नव हायेत. बस अंदर. पंच्याऐंशीवर आले का मंग बोलू."

मी बसले. एकट्या मुलीला खोली द्यायला सकाळपासून तिघांनी नकार दिला होता, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी पाण्याचा तांब्या आणला, पुन्हा गळ्याकडे पाहिलं, "हं, आले," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

माझ्या बॅगेत ठोके मोजणारा चिमटा होता, बोटाला लावतात तो. खोलीत जाऊन मी आधी दाराला कडी लावली आणि तो चिमटा बोटाला. आकडा आला शहाऐंशी. मला चक्क राग आला.

कारण मी त्या गावात आले होते तीच मुळी ह्या कामासाठी. पुण्याची आमची छोटीशी कंपनी एक प्रोग्रॅम करत होती. मोबाइलचा कॅमेरा मिनिटभर माणसाच्या चेहऱ्यासमोर धरायचा आणि अंगाला हात न लावता हृदयाचे ठोके सांगायचे. ठोका पडला की कातडीखाली रक्त जरा भरतं, मग ओसरतं, आणि तेवढ्यात चेहऱ्याचा रंग केसभर बदलतो. आपल्याला तो बदल दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. निदान दिसायला हवा. पुण्याच्या ऑफिसात, एसीत बसणाऱ्या पोरापोरींवर प्रोग्रॅम झकास चालायचा. उन्हात रापलेल्या चेहऱ्यांवर चालतो का, हे बघायला मला आठ महिन्यांसाठी वाशिम जिल्ह्यात धाडलं होतं. आणि इथे हा माणूस दारात उभ्या उभ्या फुकटात आकडा सांगत होता.

घरमालकांना मी काका म्हणू लागले. काका फोटोग्राफर. 'होते' म्हटलेलं त्यांना खपत नसे. घराच्या खालच्या अंगाला, रस्त्याला लागून त्यांचा स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि हंस. पडद्याची घडी हंसाच्या मानेवरच पडायची, त्यामुळे त्याची मान कायमची मोडलेली. समोर स्टूल, भिंतीला आरसा, आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा आणि फळीवर पावडरचा मोठा डबा. मोबाइल आल्यापासून तिथे कोणी फिरकत नव्हतं. तरी काका रोज सकाळी शटर उघडत, स्टूल पुसत, पावडरच्या डब्याचं झाकण उघडून आत बघत आणि पुन्हा लावत. जणू रात्रीतून कोणी येऊन पावडर लावून गेलं असतं.

गळ्याकडे बघण्याची खोड त्यांना धंद्यातून लागलेली. त्यांच्या तरुणपणी स्टुडिओत उजेड कमी आणि कॅमेरा संथ, फोटो हलायची धास्ती फार. कुणीतरी सांगितलं म्हणून नव्हे, त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं की ठोका पडला की माणूस हलतो. कितीही दगडासारखा बसला तरी हलतो. म्हणून ते गळ्याची शीर बघत, मनात ताल धरत आणि दोन ठोक्यांच्या मधे बटण दाबत.

"ठोक्यावर दाबला का फोटो हलते," ते म्हणायचे. "मधात दाबाचा. थ्या मधल्या वक्ताले माणूस कायीच करत नसते. नुस्ता असते."

मी हसायचे. हृदयाच्या एका ठोक्याने फोटो हलत नाही, हे त्यांना समजावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुये वाढले. पानी पे."

त्यांनी एकही निगेटिव्ह टाकली नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत गावागावांप्रमाणे लावून ठेवलेल्या. रिठदचा डबा सगळ्यात वर, कारण ते काकूंचं माहेर. पंचक्रोशीत कुणी वारलं की घरचे लोक जीप करून काकांकडे येत. घरात धड फोटो नसतोच. काका कोणत्या वर्षीचा, कशासाठी काढलेला, एवढं विचारत आणि दहा मिनिटांत निगेटिव्ह उजेडाला धरून म्हणत, "हा का? पोरीच्या लग्नाच्या टायमाचा हाय, हसून राह्यला. हाच लावा." हाराखालचे अर्धे चेहरे त्यांनीच दिलेले होते.

स्वतःचा फोटो मात्र काढू देत नसत. कोणी मोबाइल उचलला की तोंडावर पंजा. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मी इकडचा माणूस हाओ वं. कॅमेऱ्याच्या मांगचा."

आमच्या कामाचा एक नियम होता. ज्याचा व्हिडिओ घ्यायचा त्याला मराठीत कागद वाचून दाखवायचा, सही घ्यायची. ठोके काढून झाले की चेहऱ्याचा व्हिडिओ पुसून टाकायचा. नाव नाही, चेहरा नाही, फक्त एक नंबर आणि ठोक्यांची वरखाली जाणारी रेघ एवढंच ठेवायचं. मी हा कागद पहिल्यांदा काकांनाच वाचून दाखवला, सरावासाठी. ते असे भडकले की मी घाबरले.

"फोटो काढता अन् पुसता? निगेटिव्ह कोनी फेकते का? उद्या थो मेला तं?"

"काका, लोकांच्या चेहऱ्याचा कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून आहे तो नियम."

"अवं पन मेल्यावर काय लावतीन भिंतीले? तुयी रेघ?"

मी त्यांना म्हातारा म्हणून सोडून दिलं.

आमचं पहिलं शिबिर गावातच, उपकेंद्राच्या व्हरांड्यात होतं. आशाताईंनी घरोघर निरोप दिला होता. सकाळी नऊला चाळीसेक माणसं हजर, मी खूश. एकेकाला स्टुलावर बसवलं, बोटाला चिमटा लावला, कॅमेरा सुरू केला. चिमटा अठ्ठ्याहत्तर सांगतोय तर प्रोग्रॅम सांगतोय एकशे चाळीस. पुढच्या बाईंना बावन्न. तिच्या पुढच्या आजोबांना काहीच नाही, नुसती चौकट लुकलुकतेय. मी वायर तपासली, लॅपटॉप बंद करून चालू केला, पुण्याला फोन लावला, पुण्यातल्या साहेबाला नाही नाही ते बोलले. मग शांत होऊन माणसांकडे नीट पाहिलं.

सगळ्यांची तोंडं पांढरीफटक. बायकांनी पावडर थापून वर ठसठशीत कुंकू लावलेलं, बाप्यांनी पावडर लावून वर गंध. आमचा प्रोग्रॅम बघत होता नेमकं कपाळ आणि गाल. कातडी दिसेल तर रंग दिसेल!

"हे पावडरचं कोणी सांगितलं?" मी ओरडले.

सगळ्यांनी एकदम काकांकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्यांनी डबा घेऊन अख्खी आळी पालथी घातली होती. "कॅमेऱ्यासमोर जाचं हाय, असेच नका जाऊ," असं सांगत.

काका उठले. नळावर जाऊन टॉवेल ओला केला आणि दारात उभे राहून एकेकाचं तोंड पुसायला लागले. चाळीस वर्षं ज्यांना पावडर लावली, त्यांची पावडर आपल्याच हाताने काढत होते. एक आजी म्हणाल्या, "काहून रे, आता काये तोंडानं बरे दिसतो काय आमी?" तर लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, "ह्या डब्याले तोंड नाही पाह्यजे माय, कातडं पाह्यजे."

मग व्हरांड्यातली फडफडणारी ट्यूबलाइट त्यांनी बंद करायला लावली आणि स्टूल उचलून दारात ठेवलं, बाहेरचा उजेड एका गालावर येईल असं. "उजीड हलला का तुया डबा बी हलन." त्या दिवसापासून आकडे जुळायला लागले. पुण्याला पाठवलेल्या अहवालात मी 'प्रकाशयोजनेत सुधारणा' असं लिहिलं. ती कुणी केली ते लिहिलं नाही. आज ते मनाला लागतं.

पुढे ते रोज येऊ लागले. माझ्या मागे उभे राहायचे आणि प्रोग्रॅमच्या आधी आकडा पुटपुटायचे. पैज म्हणावी तर कधी ते जिंकत, कधी मी. एकदा मळ्यातली भाजी बाजारात विकणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. काका आकडा बोललेच नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिचा चुकून राह्यला. दोन पडतात, एक खाते." माझ्या प्रोग्रॅमने ते 'माणूस हलला' म्हणून फेकून दिलं होतं. चिमटा पाहिला तर त्याचाही आकडा उड्या मारत होता. बाईंना वाशिमला डॉक्टरकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभराने त्या मेथीची जुडी घेऊन आल्या आणि काकांच्या पायाशी ठेवली.

काका आनंदले नाहीत. जुडी तशीच पडू दिली. मला वाटलं, मेथी आवडत नसेल.

त्या दुपारी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. हातात मोबाइल होता. "हे पाह्य," म्हणाले.

काकूंचा व्हिडिओ होता. मी आले त्याच्या वर्षभर आधी काकू गेल्या होत्या, सकाळी तुरीची डाळ निवडता निवडता, सुपावरच कलंडून. हा व्हिडिओ त्याच्या आठवडाभर आधीचा. मुलाने काकांना नवा मोबाइल दिला होता. काकांनी काकूंना दारात बसवलं, "हलू नको," म्हणाले आणि फोटोऐवजी व्हिडिओचं बटण दाबलं. काकू बसल्या आहेत. पदर नीट केलेला, गालावर दारातला उजेड, पापणीसुद्धा लवत नाही. मिनिटभर तशाच. मग ओठांच्या कोपऱ्यातून विचारतात, "झाला का हो?" आणि व्हिडिओ संपतो.

"ह्याच्यात तिचे ठोके असतीन ना?" काकांनी विचारलं.

मी व्हिडिओ पुन्हा सुरू केला.

"चाळीस साल लोकाइचे गये पाह्यले मी. घरी आलो का डोये मिटून पडो. बायकोच्या गयाकडे कोन पाह्यते? एक डाव नाही मोजले तिचे." ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "मले येवढंच सांग. ह्याच्यात चुकत होता का? मले दिसाले पाह्यजे होतं का?"

मी म्हटलं, मूळ मोबाइल द्या. तो पाण्याच्या टाक्यात पडून केव्हाच गेला होता. हा व्हिडिओ त्यांनी मुलाला पाठवलेला, मुलाकडून परत आलेला. मोबाइलवरून मोबाइलवर जाताना व्हिडिओ दाबला जातो. चेहरा दिसायला तसाच दिसतो, पण रंगातला तो केसभर फरक सगळ्यात आधी फेकला जातो. हे मला माहीत होतं, तरी मी तीन दिवस त्या एका मिनिटाशी झटले. प्रोग्रॅम नाना तऱ्हेने फिरवून पाहिला. दर वेळी वेगळा आकडा. त्यात काही नव्हतंच. काकू होत्या, ठोके नव्हते.

चौथ्या दिवशी मी खाली गेले. काका स्टूल पुसत होते. मी जिन्यावरच ठरवलं होतं.

"निघाले काका. बहात्तर. अगदी सुरळीत, एकही चुकलेला नाही. दिसण्यासारखं काही नव्हतंच."

फडकं हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे माझ्या गळ्याकडे. मी ओढणी वर ओढायला हवी होती, पण ती सवय आठ महिन्यांत मोडली होती.

"तिचे बहात्तर," ते हळूच म्हणाले. "अन् तुये?"

आता माझा हात ओढणीकडे गेला.

"एकशे वीसच्या वर हायेत, पोरी."

मला रडू फुटलं. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकलं, रागावले नाहीत. पावडरच्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं. "म्हंजे मले कधी समजनार नाही," एवढंच बोलले. मग फडकं झटकून, "पन तुनं खोटं बोलाले तीन दिवस लावले. लय झाले," आणि हसले. तसं हसणं मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. पाहायला मिळावं म्हणून मी काहीही देईन.

माझा मुक्काम संपत आला होता. शेवटच्या शिबिरात सामान आवरताना मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर काका बसलेले. तोंड स्वच्छ धुतलेलं, मिशांना पाणी लागलेलं, हात गुडघ्यांवर.

"घे," म्हणाले. "माये तं घे. जित्ता हाओ तवर."

"काका, कागद वाचून दाखवावा लागेल."

"पाठ हाय मले. पुसजो. दे, सही करतो."

मी कॅमेरा सुरू केला. जवळजवळ मिनिटभर ते हलले नाहीत. त्यांच्याकडे एवढा वेळ सरळ बघण्याची ती माझी पहिलीच वेळ. मी मात्र पडद्यावरच्या आकड्याकडे बघत बसले, अडुसष्ट, सत्तर, अडुसष्ट. मूर्ख. पुण्याला परतल्यावर बाकी सगळ्यांबरोबर त्यांचाही व्हिडिओ मी माझ्या हाताने पुसला. नियम म्हणजे नियम. त्या वेळी हात जरासुद्धा अडखळला नाही.

दीड वर्षाने त्यांच्या मुलाचा फोन आला. तो वाशिमला असतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काका झोपेतच गेले, असं म्हणाला. मी काही विचारायच्या आत त्याने पुढचं विचारलं.

"ताई, तुमच्याजवय बाबाचा फोटो असन ना? तुमी त्याईचा व्हिडिओ काढला होता म्हने. घरात एक नाही हो. आमी काढाले गेलो का तोंडावर हात. आधारवरचा हाय, पन थ्यात बाबा ओयखूच येत नाही. डब्याइमंदी साऱ्या गावाचे हायेत, त्याईचाच नाही."

मी ऑफिसात होते. फोन कानाला धरूनच काँप्युटर उघडला. चेहरा नसणार हे माहीत असून शोधला. मिळाली ती रेघ. यादीतला शेवटचा नंबर, दोनशे बारा, एक मिनिट.

"फोटो नाही," मी म्हटलं. "पुसावा लागला. त्यांचे ठोके आहेत फक्त."

"ठोके?"

रेघ मी त्याला पाठवून दिली. नियमात बसतं का, कुणाला विचारलं नाही. तो ती उघडून बघत असावा. फोनवर रस्त्यावरच्या जीपचा हॉर्न ऐकू येत होता.

"सारी सारखी हाय," तो म्हणाला. "पन आखरीले हे काय, अशी येकदम वर काहून गेली?"

"तिथे ते हलले. बोलले."

"काय बोलले?"

मला शब्द न् शब्द आठवत होता. मिनिट संपायला आलं तेव्हा पापणी न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून त्यांनी मला विचारलं होतं.

"'झाला का वं?' म्हणाले."

काकूंचा तो व्हिडिओ त्याच्याकडेही होता.

"हेच लावतो, ताई," तो म्हणाला. "मायच्या फोटोच्या बाजूले."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खुर्चीत तशीच बसून राहिले. माझे तेव्हा किती होते, ते सांगायला कुणी नव्हतं.